जुना लॅपटॉप, कागदाचा मायक्रोस्कोप आणि भिंतीवरचं अस्वल

कागलच्या एका शिक्षिका ताईंनी एका दमात चार प्रश्न विचारलेत. घरात 2013चा लॅपटॉप आहे, सुरू व्हायला पाच मिनिटं घेतो, दुकानदार म्हणतो भंगारात घाला. त्यावर फुकटातलं काही घालून तो सातवीतल्या लेकीला देता येईल का? तिच्या वाढदिवसाला मोबाइल सोडून कुठलं गॅजेट घ्यावं? रविवारी सासूबाईंपासून लेकीपर्यंत सगळ्यांना बघता येईल असा पिक्चर कोणता? आणि लेकीनं ‘सगळ्यांकडं असतो तसला नको, वेगळा प्राणी पाहिजे’ असा हट्ट धरलाय, तर इग्वाना घ्यावा की कासव?

ताई, बावीस वर्षं कोल्हापुरात शाहूपुरीत लॅपटॉप दुरुस्त करतोय आणि पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन बेडूक बघत हिंडतोय. त्यामुळं चारी प्रश्न माझ्याच वाट्याला आल्यासारखे आहेत. चारींचं उत्तर एकमेकांत अडकलेलं आहे, तेवढं शेवटपर्यंत वाचा.

लॅपटॉपपासून सुरू करू. दुकानदार भंगार म्हणाला ते अगदीच खोटं नाही. विंडोज 10चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025ला थांबले आणि विंडोज 11 रीतसर घालायचं तर इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. तुमच्या मशीनमध्ये तिसऱ्या नाहीतर चौथ्या पिढीचा आय-थ्री असणार. पण पाच मिनिटं लागतात ती प्रोसेसरमुळं नव्हे. आत जी हार्ड डिस्क आहे ती म्हणजे मिनिटाला 5400 वेळा फिरणारी तबकडी आणि तिच्यावर इकडून तिकडं पळणारी सुई. दहा-बारा वर्षं पळून ती सुई दमलीय. तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारी डिस्क, बसवा, 240 किंवा 256 जीबीची पुरे. चार-सहा स्क्रूचं काम आहे. याच लॅपटॉपला मग सुरू व्हायला अर्धा मिनिट लागलं तर डोक्यावरून पाणी. रॅम 4 जीबी असेल तर 8 करा, डीडीआर-थ्रीमधली 1.35 व्होल्टची लो-व्होल्टेज पट्टी मागा, ती बहुतेक दोन्ही पिढ्यांत चालते. बॅटरी फुगली असेल, म्हणजे टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल, तर लगेच काढून टाका आणि चार्जरवरच वापरा. फुगलेली बॅटरी दाबून बसवणारे महाभाग मी पाहिलेत. तसलं धाडस करू नका.

आणि उघडलाच आहे तर पंखा साफ करून घ्या. कोल्हापुरात लॅपटॉप उघडला की मालकाचा धंदा कळतो. गुऱ्हाळवाल्याच्या पंख्यावर काजळी बसते आणि ती बोटाला चिकटते, वर मुंग्या वेगळ्याच. शिरोलीच्या फाउंड्रीतला लॅपटॉप आला की स्पीकरच्या चुंबकाला लोखंडाचा बारीक कीस दाढीसारखा लटकलेला असतो. तो ब्लोअरनं उडवायचा नाही, मदरबोर्डवर पडला तर खेळ खल्लास. चिकटपट्टीनं टिपून काढायचा. मास्तर-मास्तरणींच्या लॅपटॉपमध्ये खडू. पांढरी मऊ भुकटी हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीत गच्च बसते, हवा बाहेर पडत नाही, मशीन तापतं आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतं. मालकाला वाटतं व्हायरस आला.

हे सगळं करायच्या आधी मात्र बॅकअप. विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं, डिस्कची तब्येत सांगणारं छोटं फुकट सॉफ्टवेअर चालवा. निळं ‘गुड’ दिसलं तर निवांत कॉपी करा. पिवळं ‘कॉशन’ दिसलं तर आधी फोटो आणि कागदपत्रं, पिक्चर-गाणी नंतर. चुकून काही डिलीट झालं असेल तर त्या डिस्कवर नवीन काहीही लिहू नका आणि फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवा. नाव फोटोचं असलं तरी वर्ड-पीडीएफही काढून देतं. पैसे मागणारी रिकव्हरी सॉफ्टवेअरं जे काढतात त्यातलं बरंच हेही काढतं. फायलींची नावं तेवढी हरवतात, ती आपण बसून लावायची. जुनी डिस्क धड निघाली तर यूएसबी केसिंगमध्ये घालून बॅकअपला ठेवा.

आता आत काय घालायचं. आपल्या भाषेत एक बरं आहे, ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे दोन वेगळे शब्द आहेत. क्रॅक केलेलं विंडोज फुकट असतं, मुक्त नसतं. पेन ड्राइव्हवर ‘ॲक्टिवेटर’ म्हणून जी फाइल फिरते ती अँटिव्हायरस बंद करायला सांगते, आणि घरातल्या लेकीच्या मशीनवर आपण आपल्या हातानं दार उघडून देतो. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता, बदलता, वाटता येतो. तुमच्यासाठी मी लिनक्स मिंट सांगेन, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मुक्त प्रणाली, आणि त्यातली एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. दिसायला विंडोज 7सारखी, खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. 22च्या मालिकेला 2029पर्यंत अपडेट मिळणार आहेत. 4 जीबीवर चालते, 8वर पळते.

घालायच्या आधी चालवून बघता येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. 8 जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, त्यावर रूफस किंवा बलेना एचर या सॉफ्टवेअरनं मिंट लिहा, लॅपटॉप सुरू होताना एफ12, एफ9 किंवा एस्केप दाबून पेन ड्राइव्ह निवडा. आतल्या डिस्कला हात न लावता अख्खं मिंट समोर उघडतं. तिथं पाच गोष्टी तपासा: वाय-फाय, आवाज, टचपॅड, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होतो का, आणि झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का. वाय-फाय दिसलं नाही तर घाबरू नका. मोबाइल केबलनं जोडून टेदरिंग, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला देणं, सुरू करा आणि ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा, बहुतेक वेळा तिथंच औषध मिळतं.

ऑफिसच्या कामाला लिबरऑफिस मिंटसोबत येतंच. मराठीत लिहिणाऱ्याला त्यात एक ठेच हमखास लागते. फाँट बदलला, आकार वाढवला, तरी नव्यानं टाइप केलेली देवनागरी अक्षरं जुन्याच आकारात येतात. कारण लिबरऑफिस इंग्रजीचा फाँट वेगळा धरतं आणि देवनागरीचा वेगळा. सेटिंगमध्ये भाषांच्या पानावर जाऊन ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ला मराठी निवडा आणि फाँटच्या पानावर देवनागरीचा वेगळा फाँट ठरवून टाका. मी ‘मुक्त’ हा फाँट घालतो. ‘एक टाइप’ नावाच्या फाँट बनवणाऱ्या मंडळींचा आहे, मोफत आहे, आणि प्रश्नपत्रिकेवर जोडाक्षरं स्वच्छ दिसतात.

इथं माझीच एक चूक सांगतो. एका लग्नपत्रिका छापणाऱ्या पाहुण्याला मी फार उत्साहानं मिंट घालून दिलं. बॅकअप घेतला, फायली जशाच्या तशा ठेवल्या, चहा पिऊन आलो. दुसऱ्या दिवशी फोन: ‘अहो, चिरंजीव सौभाग्यकांक्षिणीच्या जागी इंग्रजी एबीसीडी उमटलीय, उद्या पत्रिका द्यायची आहे.’ त्याच्या पंधरा वर्षांच्या फायली युनिकोडच्या, म्हणजे अक्षरं साठवायच्या आजच्या सगळीकडं चालणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फाँटांत होत्या. त्या फाँटांत मराठी अक्षर हे नुसतं सोंग असतं, आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात. फाँट गेला की सोंग उतरतं. त्याच रात्री जुनी डिस्क परत बसवून दिली आणि शिव्याही खाल्ल्या. तुमच्याही जुन्या प्रश्नपत्रिका तसल्या फाँटात असतील. विंडोज आहे तोवरच त्यांच्या पीडीएफ करून ठेवा, आणि ज्या पुन्हा लागणार त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या.

म्हणूनच मी सगळ्यांना मिंट सांगत नाही. ज्याचा धंदा टॅलीवर चालतो, ज्याला डिजिटल सहीचा डोंगल रोज लागतो, त्यानं विंडोजच ठेवावं. काही स्वस्त जुने लेझर प्रिंटरही लिनक्सवर रुसून बसतात. प्रिंटर घरात असेल तर पेन ड्राइव्हवरून चालवून बघताना त्यावर एक पान काढून बघा. तुमच्याकडं अभ्यास, टायपिंग, व्हिडिओ, चित्रं एवढंच आहे, तुम्हाला अडचण नाही. लेकीसाठी चित्रांना क्रिटा, रात्रीच्या आकाशाला स्टेलॅरियम, आवाज रेकॉर्ड करायला ऑडॅसिटी. आणि व्हीएलसी तर पाहिजेच. ते 1996मध्ये पॅरिसच्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं आहे. रस्त्यावरचा नारिंगी शंकू हे त्याचं चिन्ह, आणि आजही ते जाहिरात दाखवत नाही.

गॅजेटचं उत्तर छोटं आहे. स्मार्ट वॉच नको, टॅब तर नकोच, तो शेवटी मोठा मोबाइलच असतो. दोन वस्तू घ्या. पहिली, दहापट मोठं दाखवणारं भिंग. गुजरीत सोनार हिरा-मोती बघायला डोळ्याला लावतात तसलं. सराफी अवजारं विकणाऱ्यांकडं मागा. ते डोळ्याजवळ धरायचं आणि वस्तू भिंगाजवळ आणायची. नवखी माणसं भिंग लांब धरतात आणि काही दिसत नाही म्हणतात.

दुसरी वस्तू म्हणजे फोल्डस्कोप. स्टॅनफर्डमधल्या मनू प्रकाश यांच्या प्रयोगशाळेनं 2014मध्ये जगासमोर आणलेला कागदाचा मायक्रोस्कोप. मूळ मेरठचा माणूस. बनवायला एका डॉलरपेक्षा कमी खर्च यावा या हट्टानं केलेली वस्तू आहे. किट म्हणून विकत घेताना जास्त पडते, तरी शाळेतल्या लोखंडी मायक्रोस्कोपच्या मानानं काहीच नाही. चित्रात दाखवल्याप्रमाणं कागद घड्या घालून जोडायचा, मध्ये मण्याएवढं भिंग, आणि वस्तू 140 पट मोठी दिसते. चुंबकाच्या कडीनं तो मोबाइलच्या कॅमेऱ्याला चिकटवता येतो. पहिले दोन दिवस लेक वैतागेल, कारण फोकस अंगठ्यानं कागद हलवून साधावा लागतो. तुम्ही मदतीला जाऊ नका.

आता प्राणी. इग्वाना घेऊ नका. परदेशी प्राणी पाळायचा तर 2024च्या नियमांनुसार यादीतल्या प्रजातींची सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते, आणि विकणारा ते क्वचितच सांगतो. त्याहून मोठी अडचण अशी, की इग्वाना वाढून दीड मीटरपर्यंत जातो, त्याला खास दिवे लागतात, आणि सुट्टीला गावी जाताना शेजारी ‘आमच्याकडं ठेवा’ म्हणत नाहीत. कासव म्हणून मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं ते कानाजवळ लाल पट्टा असलेलं अमेरिकी कासव. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं असतं तेव्हा गोड दिसतं. वाढून ताटलीएवढं होतं, वीस-तीस वर्षं जगतं, पाण्याला वास मारतो. मग एखाद्या संध्याकाळी कुणीतरी ते पिशवीतून नेऊन तळ्यात सोडून येतं आणि आपण पुण्य केलं असं समजतं. तिथल्या देशी कासवांचं अन्न आणि जागा हा पाहुणा खातो. आणि देशी म्हणाल तर अंगावर चांदण्या असलेलं कासव, पोपट, हे पाळणं सरळ गुन्हा आहे.

मग वेगळा प्राणी कुठला? ताई, तो तुमच्या गच्चीच्या भिंतीवर आहे.

टार्डिग्रेड त्याचं नाव, मराठीत पाणअस्वल म्हणायला हरकत नाही. 1773मध्ये एका जर्मन पाद्र्यानं मायक्रोस्कोपमधून बघून त्याला ‘छोटं पाण्यातलं अस्वल’ म्हटलं, कारण चाल तशीच आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर लांबी, गुबगुबीत अंग, आठ पाय, प्रत्येक पायाला नख्या. भिंत वाळली की हे पाय आत ओढून घेतं, अंगातलं जवळजवळ सगळं पाणी सोडून देतं आणि वाळक्या दाण्यासारखं पडून राहतं. पाऊस आला की उठून चालायला लागतं. 2007मध्ये यांना उपग्रहातून अंतराळात उघड्यावर ठेवलं होतं, दहा दिवसांनी परत आणून पाणी घातलं, तर त्यातली काही जिवंत निघाली.

शोधायची रीत सोपी आहे. पावसाळ्यात भिंतीवर, कौलांवर जे हिरवं शेवाळ धरतं त्यातलं गादीसारखं, बारीक पानांचं निवडा. बुळबुळीत चिखलासारखं नको. वाळलेलं मिळालं तर उत्तम. चमचाभर शेवाळ बशीत उलटं ठेवा, बुडेल एवढं पावसाचं नाहीतर साठवून ठेवलेलं पाणी घाला, नळाचं ताजं क्लोरीनचं नको. रात्रभर राहू दे. सकाळी शेवाळ बोटांनी बशीतच पिळा आणि तळाशी जो गाळ बसेल त्याचा एक थेंब काचेवर घ्या. पहिल्याच थेंबात मिळेल असं नाही. दोऱ्यासारखं वळवळणारं दिसेल ते सूत्रकृमी. जळूसारखं लांब-आखूड होणारं, तोंडाशी दोन चाकं फिरवल्यासारखं दिसेल ते रोटिफर. आणि गवताच्या काडीला धरून, घाई नसलेल्या म्हाताऱ्यासारखं पाय उचलत जाणारं दिसलं की ते आपलं अस्वल. मला दुकानामागच्या भिंतीवरच्या शेवाळात अकराव्या थेंबाला सापडलं. गिऱ्हाईक चार्जर हातात घेऊन उभं होतं, त्यालाही दाखवलं. ‘हे माझ्या घरात असतंय?’ म्हणून ते अर्धा तास बसून राहिलं, चार्जरचं नंतर बघितलं. बघून झालं की थेंब परत शेवाळावर टाकायचा, पाळण्याचा खर्च संपला.

लांब जायचं असेल तर पहिल्या दमदार पावसानंतर आंबोली. गडहिंग्लज, आजरा करत कोल्हापूरकर सहज जातात, पण बहुतेक जण धबधब्यात भिजून, कणीस खाऊन परत फिरतात. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, वीतभर डबक्यांत पाऊस सुरू झाल्या झाल्या एक छोटा भेक, बेडकाचाच एक प्रकार, जमतो. अंगावर वाघासारखे पिवळे पट्टे, शास्त्रीय नावातही वाघ आहे. 2009मध्ये त्याचं वर्णन झालं आणि आंबोलीच्या परिसराबाहेर तो कुठं असल्याचं ठाऊक नाही. झाडावरचा हिरवागार मलबारी उडता बेडूक पायांच्या लालसर पडद्यांवर तरंगत खाली येतो आणि पाण्यावर झुकलेल्या पानांत फेसाचं घरटं करतो. पिल्लं त्यातून थेट पाण्यात टपकतात. नशीब असेल तर देवगांडूळही दिसतं. लोक त्याला गांडूळ नाहीतर साप समजून ठेचतात, पण ते बेडकाचं भावंड आहे, फक्त पाय नाहीत.

तिथं रात्री जाताना माहितगार माणूस सोबत घ्या, आणि एक गोष्ट लेकीला आधीच बजावा. बेडकाला हात लावायचा नाही. तो कातडीतूनही श्वास घेतो, आपल्या हाताला सॅनिटायझर, मीठ, डासांचं मलम असतं. चांगल्या फोटोसाठी बेडूक उचलून पानावर बसवणारे मोठ्या कॅमेऱ्यांचे लोक मी बघतो, त्यांच्याशी माझं भांडणही झालंय. फोटो काढला तर आयनॅचरलिस्टवर टाका, जगभरचे जाणकार नाव सांगतात, आणि धोक्यातल्या प्रजातीचं नेमकं ठिकाण ते ॲप आपणहून लपवतं. पक्षी आवाजावरून ओळखायला कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन ॲप घ्या. फुकट आहे, मुक्त नाही, पण चांगलं आहे.

गव्यासाठी दाजीपूर आहेच. 1958मध्ये गव्यांसाठीच राखलेलं जंगल, आज राधानगरी अभयारण्य म्हणून 351 चौरस किलोमीटर. ते पावसाळा सरल्यावर. उसात शिरलेल्या गव्याचा व्हिडिओ काढायला मात्र कुणी जाऊ नये, त्याला पळायला वाट ठेवली नाही की तो आपल्यावरूनच वाट काढतो.

राहिला पिक्चर. सासूबाई आणि लेक एकत्र बसायच्या तर सबटायटलचा घोळ नको, म्हणून ‘फ्लो’. 2024चा लॅटव्हियाचा ॲनिमेशनपट, त्यात एकही शब्द बोललेला नाही. पुराच्या पाण्यात एका नावेवर मांजर, कुत्रा, लेमूर, कॅपिबारा आणि लांब पायांचा सेक्रेटरी पक्षी, एवढीच मंडळी. आपण 2019 आणि 2021चा पूर पाहिलाय, आपल्याला पाणी चढतानाचं ते चित्र वेगळं सांगावं लागत नाही. 2025चं ऑस्कर त्याला मिळालं, आणि तो अख्खा ब्लेंडरवर केलाय. ब्लेंडर म्हणजे 2002मध्ये लोकांनी वर्गणी काढून, 1 लाख युरो जमवून मुक्त केलेलं सॉफ्टवेअर. तुमच्या 2013च्या लॅपटॉपवर त्याची जुनी आवृत्ती कशीबशी उघडेल, लेकीनं मागितलं तर घालून द्या.

मराठीत ‘टिंग्या’, बैलावर जीव असलेल्या पोराची गोष्ट. रुमाल जवळ ठेवा. हसायला ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, दादासाहेब फाळक्यांनी पहिला पिक्चर कसा काढला त्याची गोष्ट. तो बघून झाला की दुसऱ्या दिवशी लेकीला कोल्हापुरात खरी कॉर्नरला न्या आणि कॅमेऱ्याचा मानस्तंभ दाखवा. बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेरा परवडत नव्हता म्हणून इथं, याच गावात, स्वतः कॅमेरा जोडला आणि त्यावर 1920मध्ये ‘सैरंध्री’ आणला. स्तंभाजवळ वडापावची गाडी आहे की नाही ते वेळेवर अवलंबून.

एक काम शनिवारी रात्रीच करून ठेवा, शेवाळ भिजत घाला. रविवारी दुपारी लेकीला अस्वल सापडलं आणि मोबाइलवर त्याचा व्हिडिओ निघाला, तर संध्याकाळी पिक्चरच्या आधी तोच व्हीएलसीमध्ये लावा. सासूबाईंचा आठ पायांवर विश्वास बसणार नाही. कीबोर्डवरचं इंग्रजी ई दाबत राहा, एकेक फ्रेम पुढं सरकते, बोट लावून मोजता येतात. शेवटचे दोन पाय मागच्या बाजूला वळलेले असतात, ते काही फ्रेम गेल्यावर दिसतील.